मोह वेचता वेचता

पहाटे 4.30 : गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात मार्च-एप्रिल म्हणजे मोहाचे दिवस. फुलं पहाटेपासून टपटप गळतात. टोपल्या घेऊन बायका-पोरं निघाली की मोहाच्या अभ्यासाला आलेली मीही निघते. मोहावर अस्वलाचाही डोळा असतो, म्हणून एकटंदुकटं कुणी जात नाही.

6.00 : कुठलं झाड कोणाच्या घराचं, हे गावात ठरलेलं. खालचा पाचोळा जाळलाय, फुलं दिसावीत म्हणून. ही आग कधी कधी जंगलात पसरते. जाळू नका म्हणणं सोपं; झाडाखाली जाळी बांधली तर जाळावं लागणार नाही, पण ती आणायची कशातून? मुलाखतीला दहाची वेळ सुचवली, तर एक काकू म्हणाल्या, "दहापर्यंत फूल थांबते का, बाई?"

9.00 : अंगणात फुलं पसरली. ताजं वजन आत्ता, वाळल्यावर पुन्हा. तराजू आणि वही गावातल्याच मुलीकडे. गावातलीच माणसं नोंदी ठेवू शकतात : याच जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं 39 गावांत तिथल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला आणि नोंदी ठेवायला शिकवलं. तिसऱ्या वर्षापर्यंत तिथला नवजात मृत्युदर, तुलनेच्या गावांतला बदल जमेस धरून, 62 टक्क्यांनी घटला. 1999 साली 'लॅन्सेट'नं तो अभ्यास छापला.

12.00 : ऊन. कुणाला प्रश्न विचारायचे नाहीत. वहीत रकाने वाढवते : घरी खायला किती ठेवलं, विकलं किती, उसनवारीत किती गेलं. नुसत्या उत्पन्नाच्या आकड्यातून यातलं काहीच दिसत नाही.

4.00 : जाणत्यांच्या ओसरीवर. बोलणं गोंडीत, सोबत दुभाषी. त्यांना भावापेक्षा वेगळीच काळजी : जुनी झाडं म्हातारी झाली, नवी रोपं का वाढत नाहीत? काही आगीत जातात, काही गुरं खातात. उद्यापासून प्रत्येक झाडाखालची रोपंही मोजायची.

7.30 : गावाची बैठक. दिवसभराच्या नोंदी तोंडी वाचून दाखवते. चुकलेलं तिथंच खोडलं जातं. असं एकत्र बसून तपासणं इथं नवं नाही : याच तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं अभ्यासगटात चर्चा करायची आणि निर्णय सर्वसहमतीनं घ्यायचा, अशी शिस्त लावून घेतली. 2006च्या वनहक्क कायद्याखाली 2009 साली त्याला सामूहिक वनहक्क मिळाला.

9.00 : दिवा मालवण्याआधी उद्याची यादी. अभ्यासाला येणाऱ्यांना एवढंच सांगणं : प्रश्न पक्के करण्याआधी गावाला विचारा, आणि अहवालाची पहिली प्रत, त्यांना वाचता येईल अशा भाषेत, ग्रामसभेच्या हातात द्या.