दोरी, अंगठा आणि म्यू-थीटा

"मुलीचं वय काय?"
"वीस."
"अहो, मुलीचं विचारतोय."
"मुलगी मीच आहे, सर!"

फोनवर दोन सेकंद शांतता! जिम्नॅस्टिक्सच्या क्लासची चौकशी करताना हा संवाद माझा तीन ठिकाणी झाला. २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला दीपा कर्माकरचा व्हॉल्ट टीव्हीवर पाहिला, तेव्हा मी शाळेत होते. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये पी.टी. म्हणजे मार्च-पास्ट आणि पांढरे बूट. उलटी उडी मारायची राहून गेली, ती राहूनच गेली. शेवटी मुलुंडला घराजवळच एका व्यायामशाळेत दोरीच्या मल्लखांबाला "या, बघू" असं उत्तर मिळालं आणि मी गेले.

मल्लखांब म्हणजे आपलं देशी जिम्नॅस्टिक्सच म्हणा ना. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी त्याला पुन्हा उभं केलं. आधी खांब, मग वेत, आणि लांब वेत मिळेनासे झाले तेव्हा दोरी. २०१९ मध्ये दादरच्या शिवाजी पार्कवर त्याची पहिली जागतिक स्पर्धा झाली, चक्क १५ देशांचे खेळाडू आले होते. आणि आपण? सेंट्रल रेल्वेच्या गर्दीत लटकण्यापलीकडे आपला सराव नाही!

पहिल्या दिवशी माझ्या बॅचला सगळी दुसरी-तिसरीतली पोरं. ती सरसर वर, मी खाली पिशवीसारखी. घरी येऊन रडले (हे मित्रांना सांगितलेलं नाही, आता छापूनच येतंय). मग वाटलं, आपण इंजिनीअर ना, जरा गणित तरी करून बघू. मुलगी १२० सेंटिमीटर, मी १५६. म्हणजे मी १.३ पट. स्नायूची ताकद त्याच्या जाडीच्या क्षेत्रफळावर, म्हणजे वर्गावर अवलंबून, साधारण १.७ पट. वजन मात्र घनफळावर, म्हणून २.२ पट. ती २५ किलो, मी ५५. हिशोब बरोब्बर जुळला! माझा आळस आहेच, पण सगळा दोष त्याचा नाही.

मग मोठ्या माणसाला जमतं कसं? तर नुसत्या ताकदीवर नाहीच. या खेळात दोरीला गाठ मारायची नसते. दोरीचा वळसा मांडीला आणि कमरेला बसतो, खालचं टोक पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यात. बस्स. फर्स्ट इयरच्या मॅकेनिक्समधलं बेल्ट फ्रिक्शन आठवा. दोन टोकांच्या ताणांचं गुणोत्तर म्हणजे ई चा म्यू-थीटा घात. म्यू समजा ०.३, एक पूर्ण वळसा, तर उत्तर येतं ६.६. म्हणजे माझे ५५ किलो तोलायला अंगठ्याने फक्त ८ किलोंच्या आसपास धरायचं! दीड वळसा झाला तर साडेतीन किलोसुद्धा नाही. (मांडी म्हणजे गुळगुळीत पुली नाही, पण मॅकेनिक्सच्या सरांनी एवढं चालवून घ्यावं.) हेच घर्षण पोटरीवर लाल-निळे पट्टे उमटवतं, ते वेगळं. पोटरी, बेचका, अढी हे शब्दसुद्धा मला इथेच कळले. तोपर्यंत माझं शरीर इंग्लिश मीडियमचं होतं.

एक गोष्ट मात्र गणिताबाहेरची. स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, स्नायूंना हाडाशी बांधणारे टेंडन त्यांच्या मागून रेंगाळत येतात. तिसऱ्या आठवड्यात जोर आल्यासारखा वाटला म्हणून मी रोज लटकायला लागले आणि कोपर असं धरलं की ड्रॉइंगची शीट मैत्रिणीने पूर्ण केली. तेव्हापासून आठवड्यात तीनच दिवस. माझ्यासारखं उशिरा शिकायचं असेल तर मनगटं, खांदे आधी सैल करा, आणि खाली गादी असल्याशिवाय वर चढू नका.

आणि भीती. सात वर्षांच्या मुलीला पडण्याची भीती नसते, मला प्लॅस्टर, व्हायवा आणि आईचा चेहरा, सगळं एकदम दिसतं. आठव्या आठवड्यात उलटं होऊन हात सोडायचे होते. फॉर्म्युला पाठ. वळसा दोनदा तपासला. डोकं म्हणतंय धरेल, हात ऐकायला तयार नाहीत. खालून एक चिमुरडी दोरीचं टोक हातात घेऊन ओरडली, "अगं ताई, सोड ना! दोरी कुठे जात्येय?"

सोडले. सर मोजत होते. एक... दोन... तीन...

चारला परत धरली!