मधोमध आरसा, तरी चित्र अखंड : आरशाच्या लेन्सने पक्षी टिपताना

मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण श्रोत्याने आम्हाला जिन्यात गाठून विचारलं, "सर, जन्मभर तर्कशास्त्र शिकवलंत, आणि आता पहाटे उठून चिखलात काय बसता?" त्याचं उत्तर आज देऊ. विषय आहे आरशाची लेन्स. दुकानात तिला मिरर लेन्स म्हणतात.

आधी आमची गरज सांगतो. पक्ष्यांच्या छायाचित्रणासाठी ५०० मिलिमीटर नाभीय अंतराची, भरपूर प्रकाश घेणारी लेन्स घ्यायची तर वजन तीन किलोंच्या वर जातं. सत्तरी ओलांडल्यावर उजव्या खांद्याने असहकार पुकारला. म्हणजे एक तर छंद सोडा, नाहीतर ओझं सोडा. आम्ही ओझं सोडलं. ५०० मिलिमीटरचीच, पण ६०० ग्रॅमच्या आसपास वजनाची, वीतभरही लांब नसलेली जुनी लेन्स विकत घेतली. फोकस हाताने करायचा, ॲपर्चर एकच, एफ/८.

इतकी आखूड कशी? प्रकाश पुढून आत शिरतो, मागच्या अंतर्गोल आरशावर आपटून पुढे परततो, तिथे मधोमध बसवलेल्या छोट्या बहिर्गोल आरशावरून पुन्हा मागे वळतो आणि मोठ्या आरशाच्या मध्यातल्या भोकातून कॅमेऱ्यात जातो. लांबचा रस्ता घडी घालून ठेवला, एवढंच. ही कल्पना दुर्बिणींची. कासग्रें यांच्या नावाने ती १६७२ साली पुढे आली. १९४१ साली रशियाच्या मक्सुतॉव्ह यांनी तिच्या तोंडाशी वक्र काच बसवून आरशाचे दोष सुधारले. आरसा सगळ्या रंगांना सारख्याच कोनात परतवतो, त्यामुळे साध्या लांब लेन्समध्ये पांढऱ्या पंखाच्या कडेला दिसणारी जांभळी-हिरवी रेघ इथे जवळजवळ नसते.

आता खरी गंमत. लेन्सच्या ऐन मध्यात आरसा आडवा आहे. मग फोटोच्या मध्यात काळं भोक का पडत नाही? हा प्रश्न आम्हाला पडला तेव्हा आम्ही घरातलं वाचायचं भिंग घेतलं. खिडकीसमोरच्या भिंतीवर खिडकीची उलटी प्रतिमा पाडली आणि भिंगाच्या मधोमध रुपयाचं नाणं चिकटवलं. प्रतिमा मंद झाली, पण खिडकी पूर्ण राहिली. कारण भिंगाचा प्रत्येक तुकडा संपूर्ण चित्र काढत असतो. मधला तुकडा झाकला तर एक चित्रकार कमी झाला. चित्राचा भाग कमी झाला नाही.

पण हेच भिंग जरा पुढेमागे करून प्रतिमा अस्पष्ट करा आणि समोर एखादा लहान दिवा धरा. दिव्याच्या पसरलेल्या ठिपक्यात नाण्याची सावली उमटते. आरशाच्या लेन्सचा प्रसिद्ध दोष तो हाच. फोकसबाहेरचा प्रत्येक चमकता ठिपका मेदूवड्यासारखा गोल आणि मधे पोकळ दिसतो. मागे काटक्या असल्या तर एका काटकीच्या दोन होतात. आणि छोटा आरसा व्यासाने अर्धा असला तर क्षेत्रफळाचा पाव भाग झाकतो. म्हणून एफ/८ लिहिलेलं असलं तरी प्रकाश त्याहून कमीच मिळतो.

एवढं सगळं समजून घेऊन आम्ही पहिल्याच हिवाळ्यात भिगवणला गेलो. उजनीच्या फुगवट्याचं पाणी, समोर रोहित पक्ष्यांचा थवा. तीनशे फोटो काढले. घरी येऊन पाहिले, तर एकही धड नाही. ओळखीतल्या जाणकारांनी निदान केलं, "सर, मिरर लेन्स म्हणजे टाकाऊच." आम्हीही ती विकायला काढली.

मग लाज वाटली. जॉन स्टुअर्ट मिल यांची भेद-पद्धती आम्ही वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिली, आपल्याकडचा अन्वय-व्यतिरेक शिकवला, आणि इथे न तपासता लेन्सला दोषी ठरवून मोकळे! गच्चीच्या भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवलं, दहा मीटरवर ट्रायपॉड लावला, दोन सेकंदांचा टायमर ठेवला. बारीक अक्षरं स्वच्छ वाचता आली. लेन्स निर्दोष. मग एकेक गोष्ट बदलली. कॅमेरा हातात घेऊन १/२५० सेकंदाला टिपलं, अक्षरं पुसली गेली. १/१००० ला परत दिसू लागली. म्हणजे दोष आमच्या हातांचा. ते थरथरतात हे आम्हाला त्या वर्तमानपत्राने सांगितलं, आणि खरं सांगायचं तर ते मान्य करायला दोन दिवस लागले.

दुसरं कारण फोकस. दहा मीटरवर फुल फ्रेम कॅमेऱ्यात साधारण १९ सेंटिमीटर खोलीच स्पष्ट येते, पाच मीटरवर जेमतेम ५. वेड्या राघूचा डोळा साधला की शेपूट सुटते. तिसरं कारण हवा. ऊन चढलं की पाण्यावरची हवा हलते, आणि दूरच्या पक्ष्याचा फोटो कुठल्याच लेन्सने नीट येत नाही.

यावरून आमची रीत ठरली. ट्रायपॉड, नाहीतर गुडघ्यावर तांदळाची पिशवी. हातात धरायचं तर १/१००० च्या खाली उतरायचं नाही. ॲपर्चर बदलत नसल्यामुळे आयएसओ वाढवायचा आणि थोडे दाणे सोसायचे. कॅमेऱ्याच्या आत स्थिरीकरण असेल तर त्याला ५०० हा आकडा हाताने सांगावा लागतो. जुनी लेन्स तो आपणहून सांगत नाही. पडद्यावर चित्र मोठं करून डोळ्यावर फोकस करायचा, कडी जरा पुढे, जरा मागे. दूरच्या वस्तूसाठी कडी शेवटापर्यंत फिरवून सोडू नका. या लेन्स अनंताच्याही पुढे जातात, कारण ऊन-थंडीने आरशांमधलं अंतर बदलतं. पार्श्वभूमी सपाट आणि दूरची निवडा. आणि सूर्याकडे ही लेन्स कधीही, कधीही रोखू नका. डोळा जाईल.

एका बाईंनी आत्ताच चिठ्ठी पाठवली आहे : आपोआप फोकस होणाऱ्या हलक्या लेन्स मिळत असताना हा खटाटोप कशाला? बाई, उडते पक्षी टिपायचे असतील तर तीच घ्या, आमच्या लेन्सच्या नादी लागू नका. मात्र वेडा राघू माशी पकडून बहुतेक वेळा त्याच काटकीवर परततो. त्या काटकीवर फोकस करून आम्ही बसतो. वीस मिनिटं, कधी चाळीस. अशा बसण्यात तो माशी काटकीवर कशी आपटतो, कुठल्या बाजूने येतो, हे दिसतं. आधी आम्ही नुसते फोटो आणत होतो.

पुढच्या हिवाळ्यात भिगवणला नावाडी म्हणाला, "काका, अजून जवळ घेऊ का? उडतील, भारी फोटो येईल." आम्ही नको म्हटलं. खाणारा थवा उठवून मिळवलेला फोटो आम्हाला नको होता, आणि आमच्या लेन्सला तो जमलाही नसता. त्या सकाळी अकरा फोटो काढले. चार चांगले आले.

घरी गेल्यावर भिंग आणि नाण्याचा प्रयोग मात्र नक्की करून पाहा.