भेंडवळचा घट आणि पेरूचा समुद्र

अक्षय तृतीयेची सांज. बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळ गावी शेतात माणसे जमतात. जमिनीवर वर्तुळ आखून त्यात अठरा प्रकारची धान्ये मांडतात. मधोमध खड्डा, त्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे आणि वर पाण्याची घागर. दुसऱ्या दिवशी पहाटे कोणते धान्य हलले, कोणते ढेकूळ किती भिजले, हे पाहून यंदाचा पाऊस सांगतात. ही चाल तीनशे वर्षांहून जुनी मानली जाते. या भाकिताला शास्त्राचा आधार नाही. पण त्यामागचा प्रश्न मात्र अगदी खरा आहे: पेरावे केव्हा, आणि पेरलेले हाती लागेल का?

हाच प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला, आणि त्याचे उत्तर शोधता शोधता ते फार दूर जाऊन पोचले.

भारतीय हवामान खाते 1875 साली निघाले आणि पाठोपाठ 1877 चा भीषण दुष्काळ आला. हिमालयावर बर्फ जास्त पडले तर पुढचा पाऊस कमी, असे आडाखे तेव्हा बांधले गेले. ते नेहमी जुळत नसत. 1904 साली गिल्बर्ट वॉकर हे गणिती खात्याचे प्रमुख होऊन आले. त्यांनी जगभरच्या वेधशाळांच्या नोंदी मागवल्या आणि माणसे बसवून आकड्यांशी आकडे ताडून पाहिले. त्यातून एक नवलाची गोष्ट दिसली. पॅसिफिक महासागरावर हवेचा दाब वाढला की हिंदी महासागराकडे तो उतरतो. आणि इकडे चढला की तिकडे उतरतो.

खांद्यावरची कावड आठवा. एक टोक खाली गेले की दुसरे वर उचलले जाते. तसेच हे. पण कावड हलवतो कोण, ते वॉकरना उमगले नाही. त्याचा उलगडा 1969 मध्ये याकोब बियर्कनेस यांनी केला. दक्षिण अमेरिकेत पेरूच्या किनाऱ्यावर काही वर्षी नाताळच्या सुमारास समुद्र कोमट होतो. तिथले कोळी त्याला एल निनो, म्हणजे बाळ येशू, म्हणतात. असे मोठ्या प्रमाणावर घडले की पॅसिफिकमधली ढगांची जागा पूर्वेकडे सरकते, आणि आपल्या बाजूला हवा वर चढण्याऐवजी खाली दबू लागते. खाली दबणाऱ्या हवेत ढग कुठून धरणार? 1972 साली महाराष्ट्राने सोसलेला दुष्काळ अशाच एका वर्षातला.

बरे, हा व्यवहार एकतर्फी नाही. आपला पाऊसही दूरवर आपले म्हणणे पोचवतो. ढगात वाफेचे पाणी होताना प्रचंड उष्णता सुटते. तिने उठलेल्या लाटा आभाळात पश्चिमेकडे जातात, आणि भूमध्य समुद्राच्या पूर्व भागावर हवा खाली उतरते. तिथला उन्हाळा कोरडा राहण्याचे हे एक कारण आहे. वरच्या थरात पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. त्यांच्यातूनही अशा लाटा पृथ्वीभर फिरतात. 2010 च्या उन्हाळ्यात अशाच एका वळणापाशी हवा अडून बसली. रशिया होरपळला, आणि त्याच सुमारास पाकिस्तानात महापूर आला. चार्ल्स नॉर्मंड हे एके काळी आपल्या हवामान खात्याचे प्रमुख होते. भारतीय पावसाचे भाकीत करण्यापेक्षा त्याच्यावरून इतरांचे भाकीत करणे सोपे, अशा अर्थाचे ते 1953 साली म्हणाले होते.

मग एल निनो आला म्हणजे दुष्काळ ठरलाच का? तसे नाही. 1997 साली एल निनो अतिशय जोरदार होता, तरी देशात पाऊस सरासरीइतका पडला. 2002 साली तो त्या मानाने सौम्य होता, तरी जुलै महिना कोरडा गेला आणि देशात दुष्काळ पडला. कारण हिंदी महासागराचीही स्वतःची एक लहान कावड आहे. तिचे आफ्रिकेकडचे पाणी तापले तर आपल्याला हातभार लागतो. 1997 ला तसेच झाले होते.

म्हणून वाचकहो, हंगामाचा अंदाज ऐकताना एवढे ध्यानात धरा. तो साऱ्या देशाचा, चार महिन्यांचा आणि सरासरीचा असतो. घाटावर मेहकरला पाऊस आणि घाटाखाली मलकापूरला उघडीप, हे तो सांगू शकत नाही. 2023 च्या एल निनोत देशाची सरासरी फारशी घसरली नाही; पण त्या वर्षीचा ऑगस्ट 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. कपाशी आणि सोयाबीन सरासरीवर जगत नाहीत; त्यांना वेळेवर पाणी लागते.

तेव्हा पेरूच्या समुद्राची बातमी जरूर ऐका. ती कानावर आली तर सगळे रान एकाच पिकाखाली घालू नका. सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी धरा. पण तिफण जुंपण्यापूर्वी स्वतःच्या शेतातली माती उकरून पाहा. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये, असे शेतीतज्ज्ञ सांगतात. घाईने पेरले आणि पावसाने खंड दिला, तर दुबार पेरणीचे बियाणे कर्जाऊ घ्यावे लागते. आभाळ दूरच्या समुद्राचे ऐकते खरे. पण पेरणीचा दिवस ठरतो तो आपल्याच मातीच्या ओलीवर.