कोटणीसांचे अपुरे राहिलेले पुस्तक

चीनचा थोर लेखक लू शुन १९०४ मध्ये जपानातल्या सेंदाई गावी वैद्यक शिकायला गेला. दोन वर्षांत त्याने ते सोडले. वर्गात पडद्यावर दाखवलेल्या एका चित्रात हेर ठरवलेल्या चिनी माणसाचा शिरच्छेद चालला होता आणि त्याचेच देशबांधव भोवती उभे राहून थंडपणे बघत होते. नुसती शरीरे बरी करून काय साधणार, असे वाटून आपण लेखणी धरली, हे त्यानेच लिहून ठेवले आहे.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांनी डॉक्टरकी कधीच सोडली नाही, पण शेवटी त्यांच्याही हातात लेखणीच होती. ही बाजू आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

त्यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१०चा. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झालेल्या कोटणीसांनी १९३८ मध्ये काँग्रेसच्या वैद्यकीय पथकात नाव दिले. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनसाठी सेनापती चू-तेंनी नेहरूंकडे मदत मागितली होती. पथकाचे प्रमुख डॉ. अटल, सोबत नागपूरचे डॉ. चोळकर, डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी. चिनी कम्युनिस्टांचा तळ असलेल्या येनानमध्ये लू शुनच्या नावाची कला अकादमी १९३८ सालीच निघाली होती; पुढच्या फेब्रुवारीत पथक तिथे पोचले.

बाकीचे चौघे पुढे मायदेशी परतले. कोटणीस मात्र आघाडीवर गेले आणि १९४१ मध्ये कॅनडाच्या डॉ. नॉर्मन बेथ्यून यांच्या नावाच्या इस्पितळाचे प्रमुख झाले. शत्रूची मोहीम आली की बिऱ्हाड उचलून डोंगर चढायचा, असे ते इस्पितळ. शिकायला येणारी मुले बहुतेक खेड्यांतली, शाळा जेमतेम पाहिलेली. शत्रूची नाकेबंदी असल्याने औषधांइतकाच पुस्तकांचाही तुटवडा. कोटणीस चिनी शिकले, चिनीतून वर्ग घेऊ लागले आणि अखेर पाठ्यपुस्तकच लिहायला बसले. शस्त्रक्रियेची मूलतत्त्वे सांगणारा पहिला भाग त्यांनी पुरा केला. दिवसभर जखमी आणि विद्यार्थी, रात्री लेखन. अपस्माराचे झटके येत असतानाही दुसऱ्या भागाचे काम त्यांनी चालूच ठेवले होते. ९ डिसेंबर १९४२ रोजी हपै प्रांतातल्या तांग तालुक्यात ते गेले, तेव्हा वय अवघे ३२ आणि मुलगा यिनहुआ जेमतेम साडेतीन महिन्यांचा. दुसरा भाग अपुरा राहिला.

ख्वाजा अहमद अब्बासांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिले. १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी चित्रपट काढून नायकाची भूमिका स्वतः केली. त्याने कोटणीस घराघरांत पोचले, पण पडद्यावरच्या हौतात्म्याच्या झगझगाटात रात्री जागून लिहिणारा शिक्षक मागे पडला. मला तो शिक्षक अधिक मोठा वाटतो. इस्पितळातला जखमी डॉक्टरच्या हाताने वाचतो. पुस्तकाने असे कितीतरी हात तयार होतात.

सोलापुरात भैय्या चौकातले त्यांचे जन्मघर आज स्मारक म्हणून उभे आहे. सोलापूर विद्यापीठाने आणि वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयाने आता कोटणीसांचे चिनी लेखन मिळवावे, चिनी जाणणाऱ्या अभ्यासकाला हाताशी घ्यावे आणि ते मराठीत आणावे. त्याची पहिली प्रत त्या घरात ठेवावी, एवढीच विनंती.