सेल्युलर जेल : एकांताची वास्तू

१८५७ च्या उठावानंतर, १८५८ च्या मार्च महिन्यात, कैद्यांची पहिली तुकडी डॉ. वॉकर यांच्या देखरेखीखाली अंदमानात उतरली, तेव्हा उंच तटांची निकड कोणाला भासली नव्हती. भोवती अथांग समुद्र आणि पाठीशी घनदाट अरण्य, एवढा बंदोबस्त पुरेसा मानला गेला. मग जवळजवळ चार दशकांनंतर याच बेटावर तीन मजली प्रचंड कारागृह उभारण्याची आवश्यकता सरकारला का वाटावी?

या प्रश्नाचे उत्तर १८९० साली लायल आणि लेथब्रिज या अधिकाऱ्यांनी केलेल्या पाहणीत सापडते. वसाहतीत काही वर्षे काढल्यावर कैद्याला शेती करून स्वतंत्रपणे राहता येत असे. त्यामुळे काळ्या पाण्याची दहशत ओसरली होती आणि देशातील तुरुंगापेक्षा कैदी अंदमानच पसंत करू लागले होते. म्हणून शिक्षेच्या प्रारंभीच कडक एकांतवासाचा काळ असावा, अशी शिफारस त्यांनी केली. त्यानुसार १८९६ मध्ये पोर्ट ब्लेअर येथे बांधकाम सुरू झाले व १९०६ च्या सुमारास ते पूर्ण झाले. ज्या भिंतींआड कैद्यांना राहायचे होते, त्या कैद्यांच्याच श्रमांतून उभ्या राहिल्या.

मध्यभागी पहाऱ्याचा मनोरा आणि त्यापासून चक्राच्या आऱ्यांप्रमाणे निघालेल्या सात इमारती, अशी या कारागृहाची रचना होती. त्यांत सुमारे ७०० कोठड्या होत्या. सामाईक बराकी मात्र नव्हत्या. 'सेल्युलर' हे नाव यावरूनच पडले. प्रत्येक इमारतीच्या दर्शनी बाजूसमोर दुसरीची पाठ येई. त्यामुळे कैद्याला समोरच्या कैद्याचा चेहराही दिसत नसे. गणेश व विनायक सावरकर हे बंधू एकाच आवारात असूनही दीर्घ काळ परस्परांना भेटू शकले नाहीत. दिवसभर काथ्या कुटणे अथवा कोलूला जुंपून घेऊन तेल गाळणे, हे तेथील काम होते.

माणसे एकमेकांपासून तोडली की त्यांचा निर्धार मोडतो, हे या रचनेमागील गृहीत होते. १९३३ च्या मे महिन्यातील अन्नसत्याग्रहाने ते खोटे ठरविले. बळजबरीने अन्न घालण्याच्या प्रयत्नांत महावीर सिंह, मोहनकिशोर नामदास व मोहित मैत्र यांनी प्राण गमावले. परंतु त्यानंतर वाचन, दिवे इत्यादी सवलती राजबंद्यांच्या पदरी पडल्या. पुढे कोठड्यांतूनच अभ्यासमंडळे चालू झाली. १९३७ च्या जुलैमधील दुसऱ्या उपोषणाला देशभरातून पाठिंबा मिळाला आणि १९३८ च्या आरंभापर्यंत राजबंदी मायदेशी परत आणले गेले.

१९४२ ते १९४५ या काळात बेटांचा ताबा जपान्यांकडे होता. त्यांनीही अनेक भारतीयांना येथेच डांबून त्यांचा छळ केला. कालांतराने सातांपैकी चार इमारती नाहीशा झाल्या. उरलेल्या तीन इमारती व मनोरा ही वास्तू ११ फेब्रुवारी १९७९ रोजी राष्ट्रीय स्मारक म्हणून राष्ट्राला अर्पण करण्यात आली. परस्परांची दृष्टभेटही होऊ नये म्हणून जेथे माणसांना कोंडले होते, तेथे आज त्यांची नावे एकत्र कोरलेली आहेत.