पहाटे तीनची सही

उरल्यातल्या रोलिंग मिलला रात्र झाल्याचे सोयरसुतक नसते. भट्टी एकदा अकराशे-बाराशे अंशांवर नेली की ती निववणे आणि पुन्हा तापवणे परवडत नाही. म्हणून बिलेट लालभडक होऊन बाहेर येत राहतात, रोलांच्या जोड्यांतून सळई होऊन धावत राहतात आणि त्यांच्यावर नजर ठेवणारी माणसे पाळीपाळीने बदलत राहतात. शेजारच्या सिलतऱ्यात स्पाँज आयर्नच्या फिरत्या भट्ट्या आहेत, त्यांचीही हीच तऱ्हा. रायपूरच्या या पट्ट्यात ‘नाइट’ हा रोजच्या बोलण्यातला शब्द आहे.

इथून तीनशे किलोमीटरच्या आत, नागपूरच्या मिहानमध्ये, रात्रपाळी ओळखणारी दुसरी एक जागा आहे. एअर इंडियाच्या विमानखरेदीच्या व्यवहारातून बोइंगने उभारून दिलेले विमानदुरुस्ती केंद्र तिथे २०१५ साली सुरू झाले. एअर इंडिया टाटांकडे गेली, पण हे केंद्र ‘एआय इंजिनिअरिंग सर्व्हिसेस’ या सरकारी कंपनीकडे राहिले. विमानदुरुस्तीच्या धंद्यात रात्रीचे महत्त्व वेगळ्या कारणाने आहे. विमान दिवसा प्रवासी वाहून पैसे मिळवते, त्यामुळे किरकोळ तपासण्या आणि दुरुस्त्या ते जमिनीवर असताना, म्हणजे बहुधा रात्रीच उरकाव्या लागतात.

मिलमधली चूक लपत नाही. सळई रोलमधून निसटली की क्षणात सगळी मिल थांबते. हँगरमधली चूक मात्र पत्र्याआड गप्प बसून राहते. ती करणारा घरी जाऊन झोपतो, विमान उडते आणि तिचा पत्ता लागतो तो हजारो फुटांवर. म्हणूनच थकलेल्या माणसाचे काय करायचे, हा प्रश्न विमानदुरुस्तीच्या कसबाला फार बारकाईने विचारावा लागला.

या कसबाच्या मध्यभागी एक सही आहे. विमानावर तंत्रज्ञ कितीही राबोत, काम नियमाप्रमाणे झाले आणि विमान उडायला मोकळे आहे, असे लिहून देण्याचा अधिकार परवानाधारक अभियंत्याचाच. त्याला सगळे ‘एएमई’ म्हणतात. ही सही पहाटे तीनलाही तितकीच पक्की असते जितकी दुपारी तीनला. सही करणारा तितका पक्का असतो का, हे जगाला नीट कळले ते १९९० साली.

त्या वर्षी १० जूनच्या सकाळी ब्रिटिश एअरवेजचे ५३९० क्रमांकाचे विमान बर्मिंगहॅमहून स्पेनमधल्या मालागाला निघाले. साडेसतरा हजार फुटांच्या जवळ पोहोचत असताना कॅप्टनच्या समोरची काच निखळून उडाली. कॅप्टन टिम लँकास्टर कमरेपर्यंत बाहेर ओढले गेले. कर्मचाऱ्यांनी त्यांचे पाय धरून ठेवले आणि सहवैमानिक अ‍ॅलिस्टर अ‍ॅचिसन यांनी विमान साउदॅम्प्टनला उतरवले. कॅप्टन बचावले, प्रवासीही सुखरूप राहिले.

ती काच उड्डाणाच्या सत्तावीस तास आधी, पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान बसवली होती. तिच्या ९० बोल्टांपैकी ८४ बोल्टांचा व्यास कमी होता, उरलेले सहा लांबीला तोकडे होते. काम केले होते खुद्द पाळीच्या व्यवस्थापकाने, कारण त्या रात्री माणसे कमी होती. अनेक आठवड्यांनंतरची त्याची ही पहिलीच रात्रपाळी. जुना बोल्ट हातात धरून त्याने डोळ्यांच्या अंदाजाने जोडीचे बोल्ट शोधले, तेही अंधूक उजेडात आणि वाचायच्या चष्म्याशिवाय. या काचेला दुसऱ्या मापाचे बोल्ट लागतात, असे भांडारपालाने त्याला सांगितलेही होते. ताण मर्यादित ठेवणारा स्क्रूड्रायव्हर ठरलेल्या ताणाला ‘कट्’ असा आवाज करतो. बारीक बोल्ट आट्यांत घसरतानाही तसाच भास झाला आणि त्याला वाटले, ताण बरोबर बसला. उंचावरची फळी नीट जवळ येत नसल्याने तो वाकून काम करत होता, त्यामुळे बोल्टाचे डोके खोबणीत जास्तच खोल गेलेले त्याला दिसले नाही. शिवाय काच बसवण्याचे काम दुसऱ्याने तपासावे, अशा कामांच्या यादीतच नव्हते.

हा माणूस बेफिकीर नव्हता, कामसू म्हणून नावाजलेला होता. तपास अहवालाचे मोल इथेच आहे. दोषी सापडला म्हणून तो थांबत नाही. अशा भल्या माणसाच्या हातून इतक्या चुका एका रात्रीत रांगेने कशा झाल्या, हे तो विचारतो. पुढच्याच वर्षी अमेरिकेत याची क्रूर आवृत्ती घडली. ११ सप्टेंबर १९९१ रोजी कॉन्टिनेंटल एक्स्प्रेसचे छोटे विमान टेक्सासमध्ये हवेतच मोडले आणि चौदाही जण गेले. आदल्या रात्री एका पाळीने शेपटीच्या आडव्या पंखाचे सत्तेचाळीस स्क्रू काढले होते. पाळी बदलली, पुढच्या पाळीला ते कळले नाही आणि विमान तसेच सुटले. तपास मंडळातले जॉन लॉबर यांनी वेगळे मत नोंदवले: दोष फक्त स्क्रू विसरणाऱ्यांचा नाही, सुरक्षिततेची संस्कृती न रुजवणाऱ्या व्यवस्थापनाचाही आहे.

शरीराच्या बाजूने पाहिले तर पहाटे दोन ते सहा हा काळ लक्ष, वेग आणि निर्णय यांच्या उतरणीचा. दिवसा झोपून आलेल्या माणसालाही ही उतरण टळत नाही, कारण ती झोपेच्या तासांसोबत शरीराच्या घड्याळावरही अवलंबून असते. १९९७ साली ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी ‘नेचर’मध्ये दाखवले की सलग सतरा तास जागे राहिलेल्या माणसाचे हात-डोळ्यांचे काम रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतके घसरते. आपल्याकडे गाडी चालवताना मर्यादा १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. याचा अर्थ, सतरा तास जागलेला माणूस पोलिसांच्या नळीत निर्दोष ठरेल, पण पाना मात्र प्यालेल्या माणसासारखा धरेल.

कॅनडाच्या वाहतूक खात्यातल्या गॉर्डन ड्युपाँट यांनी १९९३ च्या सुमारास माणसाच्या हातून चूक घडवणाऱ्या बारा गोष्टींची यादी केली. थकवा, दडपण, लक्ष विचलित होणे, निरोप नीट न पोहोचणे, ‘नाही’ म्हणता न येणे, ‘इथे असेच करतात’ ही सवय, असे तिचे स्वरूप. ही यादी जगभरच्या हँगरच्या भिंतींवर लागली. आपल्याकडे परवान्यासाठी मानवी घटकांची परीक्षा द्यावी लागते. दुरुस्ती संस्थांना लागू असलेला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियमही सांगतो, की कामाचे नियोजन करताना माणसाच्या क्षमतेच्या मर्यादा लक्षात घ्याव्यात.

हँगरमधल्या अनेक साध्या रीतींमागे हेच शहाणपण आहे. हत्यारांच्या फळीवर प्रत्येक पान्याच्या आकाराची छाया रंगवलेली असते. रिकामी छाया दिसली की पाना कुठे राहिला, हे शोधल्याशिवाय विमान सुटत नाही. अर्धवट काम जॉबकार्डावर पायरीपायरीने लिहिले जाते, कारण जाणाऱ्या पाळीची स्मरणशक्ती येणाऱ्या पाळीला देता येत नाही. नियंत्रणाच्या तारा, दांडे यांसारख्या जिवावरच्या जोडण्यांना दोन स्वतंत्र सह्या लागतात. टॉर्क रेंचला ठरावीक मुदतीने तपासणीला पाठवतात आणि त्यावर पुढची तारीख चिकटवतात. माणसाला अशी चिठ्ठी लावता येत नाही. म्हणून अवघड काम पहाटे तीनला ठेवायचे नाही, एकाच माणसाने दोन्ही इंजिनांवर तेच काम करायचे नाही, असे बंधन कामाच्या आखणीवरच घालावे लागते.

तरी यातली कच्ची जागा सगळ्यांना ठाऊक असते. सकाळी सहाचे उड्डाण वेळेवर जायला हवे असते आणि एएमईच्या मोबाइलवर ऑपरेशन्सचे फोन खणखणत असतात. वैमानिकांचे उड्डाणाचे आणि विश्रांतीचे तास नियमांत काटेकोर मोजलेले असतात. जमिनीवर राबणाऱ्यांचे बरेचसे भवितव्य संस्थेच्या आखणीवर आणि वरिष्ठाच्या धीरावर सोडलेले असते. ‘साहेब, मी थकलोय, यावर सही करणार नाही’ हे वाक्य नियमाच्या पुस्तकात बसते, पण ते उच्चारणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कसे वागवले जाते, त्यावर पुढच्या रात्रीचे मौन ठरते.

उरल्याला यातून उचलण्यासारखे पुष्कळ आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याचे ४८ तास आणि जादा कामाला दुप्पट मजुरी हा हिशेब रुजवला. तो न्याय्य होता, पण तास कोणते हे तो पाहत नाही. त्याच्या लेखी पहाटे तीनचा तास दुपारी तीनच्या तासाइतकाच. आणि दुप्पट मजुरीमुळे थकवा हीच कमाई होते. घरी पैसे धाडणारा परप्रांतीय कामगार डबल ड्युटी स्वतः मागून घेतो, ठेकेदार ती आनंदाने देतो आणि अपघात झाला की ‘त्याचे लक्ष नव्हते’ एवढ्यावर प्रकरण मिटते.

हँगरची शिस्त मिलमध्ये आणायला विमानाएवढा पैसा लागत नाही. पाळी बदलताना यंत्रापाशी उभे राहून लेखी हवाला, हत्यारांची मोजदाद, रोल बदलण्यासारखे जोखमीचे काम पहाटेआधी किंवा उजाडल्यावर, आणि अपघाताच्या नोंदीत एक जादा रकाना: हा माणूस किती तासांपासून जागा होता? हा रकाना भरायला मिनिटभर पुरते. अवघड आहे ते त्यानंतरचे, कारण तिथे सतराचा आकडा पडला की पुढचा जबाब कामगाराकडून नाही, त्याची पाळी लावणाऱ्याकडून घ्यावा लागतो.