तेल वर कसे येते?

मालवण किनाऱ्यावरील माडा-पोफळीच्या बागांना पूर्वी रहाटाने पाणी देत. आता विहिरीत विजेचा पंप सोडतात. काठावरील पंपाने पाणी ओढले, तर ते फार तर १० मीटर चढते. कारण हवेचा दाब तेवढाच भार तोलू शकतो. म्हणून खोल विहिरीत पंप पाण्यातच बुडवितात. तेथून तो पाणी वर लोटतो.

खनिज तेलाच्या विहिरी पुष्कळदा हजार मीटरांहूनही खोल असतात. आरंभी भूगर्भातील दाबाने तेल आपोआप वर येते. पुढे दाब ओसरतो आणि बरेचसे तेल खालीच अडकते. तेव्हा तेथेही एकावर एक चक्रे रचलेला लांबट पंप सोडतात. परंतु तेलाबरोबर पुष्कळ वायू आत शिरला, की चक्रे व्यर्थ फिरतात व मोटार तापते. यास्तव पंपाच्या तोंडाशीच वायू वेगळा काढतात.

मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर, भर समुद्रात, १९७४ साली ‘मुंबई हाय’ हे तेलक्षेत्र सापडले. १९७६ साली तेथून तेल निघू लागले. तेथील अनेक विहिरींच्या नळीत वायूच दाबाने सोडतात. बुडबुड्यांनी तेलाचा स्तंभ हलका होतो आणि भूगर्भात उरलेला दाब त्यास वर आणण्यास पुरतो. जो वायू पंपाचा वैरी, तोच येथे तेलाचा वाहक होतो!